डोक्यावर पक मारणाऱ्या महाशयांस

महाशय,

तुमचं नाव मला ठाऊक आहे, पण ते इथे लिहीत नाही. टोरांटोच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत रात्री उशिराचा बर्फ भाड्याने घेऊन हौसेने आइस हॉकी खेळणारे आपले बरेच लोक आहेत आणि त्यांत तुमच्यासारखे आणखीही आहेत. एकाचं नाव छापलं की बाकीचे सुटतात. मला कुणालाच सुटू द्यायचं नाही.

आधी तुम्ही काय केलंत ते स्वच्छ सांगते, म्हणजे 'मी केलं तरी काय?' असं विचारायला जागा उरायला नको. खेळ सुरू झाला नव्हता. मी गोली, म्हणजे गोलरक्षक; नुकतीच गोलसमोर येऊन स्केटने क्रीझ, म्हणजे गोलपुढची जागा, खरवडून घेतली होती. डावीकडून एक मुलगा पॅडवर हळू पक टाकत होता, तो मी अडवत होते. तुम्ही ब्लू लाइनवरून सुसाट आलात, बरोबर मधोमध थांबलात, स्टिक खांद्याच्या वर नेलीत आणि स्लॅप शॉट मारलात. पक माझ्या मास्कच्या कपाळावर बसला. मी तुमच्याकडे पाहतसुद्धा नव्हते. मी गुडघ्यांवर खाली गेले, तेव्हा तुम्ही बेंचकडे वळून हसलात आणि मग मला म्हणालात, "ताई, मास्क आहे ना? मग काय झालं?"

काय झालं ते आता ऐका.

पक म्हणजे व्हल्कनाइझ केलेल्या रबराची चकती. एक इंच जाड, तीन इंच व्यासाची, वजन 156 ते 170 ग्रॅम. ती उसळू नये म्हणून मोठ्या सामन्यांत गोठवूनच आणतात. आपल्याकडे बर्फावर पडून पडून ती दगडासारखी होते. झ्देनो चाराने 2012 साली एनएचएलच्या, म्हणजे इथल्या व्यावसायिक हॉकी लीगच्या, कौशल्य स्पर्धेत ती ताशी 108.8 मैल, म्हणजे जवळपास 175 किलोमीटर वेगाने मारली होती. तुम्ही चारा नाही. तुमचा फटका ताशी शंभर किलोमीटरचा धरू. सहा मीटरवरून निघालेला तसा पक पाव सेकंदाच्या आत येऊन पोचतो. समोर टक लावून बसलेल्या गोलीलाही तेवढ्यात जेमतेम हात हलवता येतो. जिची नजर दुसऱ्या पकवर आहे तिला काहीच करता येत नाही, आणि हे तुम्हाला माहीत होतं. म्हणूनच तुम्ही ती वेळ निवडलीत.

मास्कच्या आत काय होतं ते बाहेरून कळत नाही. आधी एकच लख्ख आवाज होतो, डोक्याच्या आतून आल्यासारखा. मग कानात घंटा वाजत राहते आणि नाकाला जळक्या रबराचा वास येतो. जाळीच्या सळया क्षणभर दोन-दोन दिसतात. गळ्यासमोर लटकणारी प्लास्टिकची ढाल हलत असते, तिचं छातीच्या पॅडवर टकटक आपटणं मला ऐकू येत होतं, आणि तुम्ही काय म्हणालात ते मात्र दुसऱ्यांदा सांगितल्यावर कळलं. मास्क पकला चेहऱ्यापासून रोखतो. आतल्या मेंदूला बसणारा हिसका तो रोखू शकत नाही. न्यूयॉर्क रेंजर्सचा माइक रिक्टर हा जगातल्या उत्तम गोलींपैकी एक. त्याच्याकडे सगळ्यात भारी मास्क होता, तरी मार्च 2002 मध्ये डोक्याला लागलेल्या एका फटक्याने त्याच्या कवटीला तडा गेला. त्याच वर्षी पुढे डोक्याला आणखी एक मार बसला आणि त्याचं खेळणं कायमचं संपलं.

तुम्ही मास्कचा विषय काढलातच, तर मास्क गोलीच्या तोंडावर आला कसा तेही तुम्हाला माहीत असायला हवं. माँट्रियल कॅनेडियन्सचा जाक प्लांट 1950च्या दशकात उघड्या तोंडाने खेळायचा, कारण सगळेच तसे खेळायचे. त्याच्या गालाची हाडं मोडली ती सरावात, आणि मोडली ती त्याच्याच संघातल्या सोबत्यांच्या फटक्यांनी. एकदा नव्हे, दोनदा. म्हणून त्याने मास्क पहिल्यांदा सरावात घालायला सुरुवात केली. प्रशिक्षक टो ब्लेक सामन्यात घालू देत नव्हता. मास्क घातला की गोली भित्रा ठरतो आणि त्याला पायाजवळचा पक दिसत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. मग 1 नोव्हेंबर 1959 ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेंजर्सच्या अँडी बाथगेटने मारलेला पक प्लांटच्या तोंडावर बसला. टाके घालून झाले. राखीव गोली ठेवायची तेव्हा पद्धत नव्हती, त्यामुळे प्लांटशिवाय खेळ पुढे जाणार नव्हता. तो म्हणाला, मास्कशिवाय मी बर्फावर पाय ठेवणार नाही. ब्लेकला ऐकावं लागलं. कॅनेडियन्स तो सामना 3–1 असा जिंकले आणि मास्क टिकला.

बाथगेटने पुढे बऱ्याच वर्षांनी सांगून टाकलं की तो फटका त्याने जाणूनबुजून तोंडावर मारला होता. त्याच सामन्यात प्लांटने त्याला फळीवर पाडलं होतं, त्याचा राग होता. ते कारण मला मुळीच पटत नाही. पण निदान सामना चालू होता, दोघांत काही तरी घडलेलं होतं आणि दोघंही त्याचा पगार घेत होते. मी तुमचं काय वाकडं केलं होतं? आपण त्या रात्रीपूर्वी एकमेकांशी धड बोललोही नव्हतो.

टेरी सॉचकच्या चेहऱ्यावर कारकिर्दीत चारशेहून जास्त टाके पडले. 1966 साली 'लाइफ' मासिकाने त्या सगळ्या जखमा रंगभूषा करून एकाच वेळी त्याच्या चेहऱ्यावर दाखवल्या आणि तो फोटो छापला. तो शोधून एकदा नीट बघा. बॉस्टनचा जेरी चीव्हर्स आपल्या पांढऱ्या मास्कवर जिथे जिथे पक लागेल तिथे काळे टाके रंगवून घ्यायचा. मास्क नसता तर हे टाके कातडीवर पडले असते, हे सगळ्यांना दिसावं म्हणून. एनएचएलमध्ये मास्कशिवाय शेवटचा गोली उभा राहिला 1974 साली. एवढ्या माणसांची तोंडं फुटली तेव्हा कुठे हे साधन आलं. त्याचा तुम्ही काढलेला अर्थ असा, की आता डोक्यावर मारायला हरकत नाही.

आता माझ्याबद्दल, कारण तुम्ही कुणाला मारलंत ते तुम्हाला कळायला हवं.

आईबाबा दादरहून इथे आले तेव्हा मी लहान होते. शनिवारी रात्री 'हॉकी नाइट इन कॅनडा' लावून बाबा इंग्रजी सुधारायचे आणि मी गोली बघायची. 23 सप्टेंबर 1992 ला मानाँ रेओम नावाची क्यूबेकची मुलगी टँपा बेच्या गोलमध्ये उभी राहिली. सराव सामना होता, पण एनएचएलचा होता, आणि त्याआधी कुठलीही बाई तिथे उभी राहिली नव्हती. एका सत्रात नऊ फटके आले, तिने सात अडवले. दुसऱ्या दिवशी मी बाबांना सांगितलं, मला हेच करायचंय. आमच्या भागात मुलींचा संघ नव्हता, म्हणून मुलांच्या संघात घातलं. आई काचेमागे डोळ्यांवर हात ठेवून बसायची, पण एकही सामना तिने चुकवला नाही.

पुढे विद्यापीठ, नोकरी, लग्न, मुलं, बाबांचं आजारपण. पॅड तळघरात गेले. बायकांच्या बाबतीत हे असं होतं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. नवऱ्यांची क्रिकेटची शनिवार-सकाळ वीस वर्षं चालू राहते.

22 फेब्रुवारी 2020 ला टोरांटोत डेव्हिड एअर्स बर्फावर उतरला, तो सामना मी घरी बसून पाहिला. वय 42, रिंकवर काम करणारा माणूस, बर्फ गुळगुळीत करणारी झांबोनी गाडी चालवलेला, आईने दिलेल्या मूत्रपिंडावर जगणारा. कॅरोलायनाचे दोन्ही गोली त्या रात्री जखमी झाले, तेव्हा नियमाप्रमाणे प्रेक्षागृहात हजर असलेला हा राखीव गोली त्यांना मिळाला. पहिले दोन्ही फटके गोलमध्ये गेले. पुढचे आठच्या आठ त्याने अडवले आणि मेपल लीफ्स स्वतःच्या घरी 6–3 असे हरले. सगळे एअर्सचं कौतुक करत होते. मी कॅरोलायनाच्या खेळाडूंकडे बघत होते. कालपर्यंत ज्याचं नाव ऐकलं नव्हतं त्या माणसासमोर ते भिंत होऊन उभे राहिले. त्याच्यापर्यंत पक पोचूच नये म्हणून फटक्यांपुढे अंग टाकत होते. गोल दोन खाल्ले तरी एकानेही मान हलवली नाही, उलट पाठीवर थाप मारली. परत येणाऱ्या गोलीला कसं वागवायचं ते त्या रात्री साऱ्या कॅनडाने पाहिलं. तुम्हीही पाहिलं असणार.

त्या रात्री मी ठरवलं. पुढच्याच महिन्यात कोरोनाने रिंक बंद पडल्या, त्यामुळे ठरवल्यापासून उतरेपर्यंत बराच काळ गेला. तळघरातलं सामान काढलं तर मास्कच्या आतला फोम कडक होऊन बोटाने चुरा होत होता. असा मास्क घालणं म्हणजे न घातल्यासारखंच, म्हणून नवा घेतला. जुने पॅडही गेले. गोलीचं पूर्ण नवं सामान काही हजार डॉलरच्या घरात जातं, हे तुम्हाला ठाऊक नसेल, कारण तुम्हाला ते कधी घ्यावं लागलं नाही. पॅड मी कुणी तरी वापरलेलेच घेतले.

खेळही बदलला होता. मी शिकले तेव्हा बरेचसे गोली उभ्यानेच खेळायचे. गुडघे आत वळवून दोन्ही पॅड बर्फावर पसरायची बटरफ्लायची पद्धत ग्लेन हॉलने फार पूर्वी सुरू केली आणि पाट्रिक रॉआने 1980च्या दशकात ती घरोघरी पोचवली, पण आमच्या गल्लीतल्या रिंकवरच्या सरांना ती पसंत नव्हती. आता दहा वर्षांचं पोरही तसंच खेळतं. पक गोलच्या कोपऱ्यात आला की जवळचा पॅड आडवा करून त्याची टोकाची बाजू खांबाला चिकटवायची आणि मागच्या पायाने रेटा द्यायचा, ही चाल माझ्या वेळी कुणी शिकवतच नव्हतं. पूर्वी पायाच्या टोकाशी चामड्याचा पट्टा करकचून आवळायचो. आता तिथे लवचीक दोरी असते, कारण खाली बसताना पॅड पायाभोवती फिरायला हवा. कंबरेच्या सांध्याला हे सगळं नव्याने शिकवावं लागतं. रविवारी सकाळी मी माझ्या मुलाच्या वयाच्या पोरांबरोबर शिकवणीला उभी राहिले आणि मला ते फार आवडलं.

सगळ्यात उशिरा परत येते ती नजर आणि जागेची जाण. सहा फूट रुंद, चार फूट उंच गोल तुमच्या पाठीमागे असतो, तो दिसत नाही. सरावातला गोली मागे न बघता खांब कुठे आहे ते सांगतो. बऱ्याच वर्षांनी आलेल्याला ग्लोव्ह मागे नेऊन खांब चाचपावा लागतो, स्टिकने ठोकून पाहावा लागतो. पक स्टिकच्या पात्यावरून सुटताना दिसायला हवा; आधी तो थेट गोलजवळ आल्यावरच दिसतो. मास्कमध्ये श्वास घ्यायचीसुद्धा पुन्हा सवय करावी लागते. हे सगळं जागेवर यायला गोलीला खेळाआधीची ती पाच मिनिटं लागतात.

ती पाच मिनिटं गोलीची असतात, तुमची नसतात. वॉर्म-अप म्हणजे गोलीला पक दाखवायचा. आधी लांबून, बर्फालगत, पॅडवर. मग ग्लोव्हच्या बाजूला, मग ब्लॉकरच्या. एकाचा अडवून झाला की दुसऱ्याने मारायचा. गोली पाणी प्यायला वळला तर थांबायचं. हे पुस्तकात वाचावं लागत नाही. इथल्या आठ वर्षांच्या मुलांना त्यांचे प्रशिक्षक पहिल्या आठवड्यात शिकवतात. नेटमध्ये फलंदाज अजून ग्लोव्ह्ज चढवतोय आणि कुणी त्याच्या डोक्यावर चेंडू घातला, तर शिवाजी पार्कवरचा एकही कोच त्या गोलंदाजाला पुन्हा नेटमध्ये घेणार नाही. तुम्ही स्वतः तिथे खेळलाय असं ऐकते. मग हा नियम समुद्रापलीकडे आल्यावर विसरलात कसे?

आणि त्या फटक्याने तुम्हाला मिळालं काय? वॉर्म-अपमधला गोल कुठे लिहीत नाहीत. मी खाली पडले म्हणून तुमचा संघ जिंकला नाही, कारण संघ अजून पडलेच नव्हते. पंचेचाळिशीच्या पुढच्या बाईला, जी तुमच्याकडे बघत नव्हती तिला, तुम्ही पाडलंत. एवढीच त्या रात्रीची तुमची कमाई.

मी बर्फावरून बाहेर आले. डोक्याला मार लागल्याचा संशय जरी आला तरी खेळायचं नाही, हा ओंटारियोतला नियम पोरांच्या रक्ताने लिहिलेला आहे. ऑटावाची रोवन स्ट्रिंगर, सतरा वर्षांची रग्बी खेळाडू, 2013 साली काही दिवसांच्या अंतराने डोक्याला पुन्हा पुन्हा मार लागून गेली. तिच्या नावाचा कायदा 2018 साली झाला. कागदोपत्री तो तरुण खेळाडूंसाठी आहे, पण मेंदू वय विचारत नाही. पुढचे काही आठवडे मला दिव्याकडे बघवत नव्हतं. संगणकासमोर बसलं की मळमळायचं. मुलं घरात कुजबुजत बोलायची. डॉक्टरांनी खेळ सोडा, गाडी चालवायलाही मनाई केली. ज्या नजरेसाठी मी रविवारच्या सकाळी घालवल्या तीच नजर झाकून मला घरात बसावं लागलं. तुम्ही एकदाही फोन केला नाहीत.

तुमचा मात्र तासभर खेळ झाला. कसा झाला ते मला नंतर कळलं. एका बाजूला गोली नव्हता, म्हणून 'पक खांबाला लागला तरच गोल' असं ठरवून खेळलात. भरलेले पैसे अशा रीतीने कारणी लागले. आपल्यासारख्या हौशी मंडळींत खेळाडू हवे तेवढे मिळतात, गोली मिळत नाहीत. दुपारी चारला संदेश फिरायला लागतात, 'आज रात्री गोली कुणी आहे का?' गोलीकडून बर्फाचे पैसे घेत नाहीत ते याचसाठी. जो एक माणूस नसला तर वीस जणांचा खेळ खेळ उरत नाही, त्याच्या डोक्याचा तुम्ही नेम धरलात. माझ्या ओळखीतल्या एका गोलीने याच कारणाने पॅड विकून टाकले. तो आता फॉरवर्ड खेळतो आणि परत गोलमध्ये उभा राहणार नाही म्हणतो. मला त्याला दोष देता येत नाही.

बेंचवर हसलेल्या चौघांनाही हे पत्र आहे. तुम्ही मारलं नाही हे खरं. पण फटका मारणाऱ्याने आधी तुमच्याकडेच वळून पाहिलं होतं. तुमच्यापैकी एकाने जरी 'हे काय?' म्हटलं असतं, तरी ते हसू तिथेच विरलं असतं. आणि खेळ भरवणाऱ्या दादांना माझी विनंती आहे: तुम्ही माझ्याशी फार आपुलकीने बोललात, बर्फाच्या पिशव्या आणून दिल्यात, घरी सोडलंत. पण पुढच्या बुधवारी त्या माणसाला पुन्हा खेळू दिलंत. पैसे भरणारा खेळाडू गमवायचा नाही, हे मला कळतं. आता ठरवा. वॉर्म-अपमध्ये स्लॅप शॉट नाही, कंबरेच्या वर पक नाही, गोलीची नजर तुमच्यावर नसेल तर फटका नाही. एकदा मोडलं तर त्या रात्री बाहेर, दुसऱ्यांदा मोडलं तर कायमचं बाहेर. हे रिंकच्या दारावर मराठीत, इंग्रजीत, पंजाबीत, हव्या त्या भाषेत लावा आणि पाळा.

महाशय, डॉक्टरांनी मला आता बर्फावर उतरायला परवानगी दिली आहे. मी येणार आहे, त्याच रिंकवर, त्याच वेळेला. तुम्ही काही बोलायची गरज नाही. लांबून, बर्फालगत, पॅडवर मारा, आणि मी तुमच्याकडे पाहीपर्यंत थांबा. एवढं जमत नसेल तर त्या रात्री घरीच राहा.

— बुधवारच्या खेळातली गोली